फर्दापूरची सराय आणि आमचं बंगला-खातं



बरेच दिवस लेख नाही म्हणून तुमच्यापैकी काहींनी फोन केले. तब्येत ठीक आहे. गेल्या महिन्यात माहेरी, फर्दापूरला जाऊन आले. आमचं तिथलं घर विकायचं ठरलं आहे, त्यावर माझी सही हवी होती. विकत घेणाऱ्याला तिथे लॉज बांधायचा आहे, खाली हॉटेल आणि वर खोल्या. आमच्याकडे हॉटेल म्हणजे चहा-भज्यांचं दुकान आणि राहायचं ते लॉज, हे तुम्हाला माहीतच आहे.

सहीचं काय झालं ते शेवटी सांगते. त्याआधी फर्दापूरला वाटसरू कुठे राहत आले, त्याची गोष्ट सांगायची आहे. घर रिकामं करताना दादाजींच्या जुन्या वह्या हाती लागल्या. त्या वाचता वाचता लक्षात आलं की एवढंसं आमचं गाव, पण तिथे मुक्कामाला आलेल्यांचा इतिहास दोन हजार वर्षांचा आहे. आणि आमचं घर त्या इतिहासाच्या अगदी शेवटच्या पानावर कुठेतरी आहे.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. फर्दापूर हे सोयगाव तालुक्यातलं, अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याचं गाव. जळगावहून निघालं की सपाट रस्ता इथे संपतो आणि घाट सुरू होतो. घाट चढून गेलं की वर अजिंठा गाव, पुढे सिल्लोड, फुलंब्री आणि मग छत्रपती संभाजीनगर. लेणी फर्दापूरहून चार-पाच किलोमीटरवर, वाघूर नदीच्या नालाच्या आकाराच्या वळणात. संभाजीनगरहून लेणी शंभर किलोमीटर, जळगावहून साठ. घाटाखालचं गाव म्हणजे मुक्कामाचं गाव. बैल दमलेले असायचे, संध्याकाळी घाट कोणी चढायचं नाही. रात्र खाली काढायची आणि पहाटे चढण धरायची.

सगळ्यात जुनी मुक्कामाची जागा खरं तर लेणीच. आपण तिथे चित्रं पाहायला जातो, पण तीसेक लेण्यांपैकी बहुतेक विहार आहेत, म्हणजे राहण्याच्या जागा. पावसाळ्यात भिक्षूंनी एका ठिकाणी थांबायचं, जसा आपल्या साधू-साध्वींचा चातुर्मास. बारा नंबरचं लेणं आठवून पाहा. तिथे चित्रं नाहीत म्हणून गाइड लोकांना पुढे घेऊन जातात. आत शिरलं की तीन बाजूंनी मिळून बारा खोल्या, आणि प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेले दोन ओटे, झोपण्यासाठी. हे लेणं इसवी सनापूर्वीचं आहे. ते एका व्यापाऱ्याने दान दिल्याचा लेख तिथे आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कोणा शेठने इथे बारा खोल्या बांधून दिल्या, भाडं न घेता. आपल्या धर्मशाळांच्या फरशीवर दात्यांची नावं असतात, तसंच.

त्यानंतर लेणी विस्मरणात गेली, पण रस्ता चालू राहिला. मोगलांच्या काळात बुऱ्हाणपूर हे उत्तरेतून दख्खनेत उतरण्याचं दार होतं, आणि बुऱ्हाणपूरहून औरंगाबादला येणारी वाट फर्दापूरच्या घाटातून चढायची. फौजा, व्यापारी, हुंड्या घेऊन जाणारी माणसं, सगळे त्याच वाटेने. औरंगजेब तरुणपणी दख्खनचा सुभेदार होता आणि पुढे बादशहा म्हणून १६८१ च्या अखेरीला बुऱ्हाणपूरला आणि १६८२ मध्ये औरंगाबादला आला. फर्दापूरची सराय त्याच्याच काळातली मानतात. उंच दगडी भिंत आणि मोठी कमान. लहानपणी आम्हा मुलांना ती फक्त लपाछपीची जागा होती. 'सरायीत जाऊ नका, विंचू असतात' एवढंच बाई सांगायची. (आमच्याकडे आईला बाई म्हणायचे.)

सराय म्हणजे काय होतं, ते मोठेपणी वाचलं. मोगलांच्या मोठ्या रस्त्यांवर मुक्कामा-मुक्कामावर अशा सरायी असायच्या. मधे चौक, चारी बाजूंनी कमानींच्या लहान लहान खोल्या, एक विहीर, एक मशीद आणि रात्री बंद होणारं एकच मोठं दार. वाटसरूने आपलं अंथरूण आणायचं, शिधा आणायचा. स्वयंपाक करून द्यायला आणि घोड्याला दाणा-वैरण पुरवायला भटियारे असायचे. त्यांच्या बायकाच बहुतेक चूल सांभाळायच्या.

निकोलाओ मनुची नावाचा व्हेनिसचा माणूस शहाजहानच्या शेवटच्या वर्षांत हिंदुस्थानात आला आणि इथेच म्हातारा झाला. त्याने सरायींचं मोठं गमतीदार वर्णन लिहून ठेवलं आहे. सूर्य मावळला की सरायीचा अंमलदार दार लावून घ्यायचा आणि मोठ्याने ओरडून सांगायचा की ज्याने त्याने आपलं सामान सांभाळावं, घोड्यांचे पुढचे-मागचे पाय बांधावेत आणि सगळ्यात जास्त कुत्र्यांपासून जपावं, इथली कुत्री फार हुशार चोर आहेत! सकाळी दार उघडण्याआधी पहारेकरी तीनदा पुकारा करायचा की सगळ्यांनी आपापली वस्तू पाहून घ्या. कोणाचं काही हरवलं असेल तर ते सापडेपर्यंत दारच उघडत नसत. आत शंभर माणसं खोळंबली तरी चालेल, पण एकाचं गाठोडं गहाळ झालेलं असताना बाकीच्यांनी पुढे जायचं नाही.

हा नियम वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते. तो का लक्षात राहिला, ते पुढे येईल.

मोगल गेले, निजाम आले. फर्दापूर निजामाच्या राज्याच्या उत्तर टोकाला होतं. खाली खानदेश, तो १८१८ नंतर इंग्रजांचा. म्हणजे आमचं गाव दोन राज्यांच्या सीमेवरचं. १८०३ मध्ये असईची लढाई झाली तेव्हा इंग्रजांचे जखमी सैनिक वर अजिंठा गावात आणून ठेवले होते. मग २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रास घोडदळाचा अधिकारी शिकारीला आला आणि दरीच्या पलीकडून त्याला लेण्याची कमान दिसली. दहा नंबरच्या लेण्यात एका खांबावर त्याने आपलं नाव आणि तारीख खरडून ठेवली, ती आजही दिसते. 'लेण्यांचा शोध लागला' असं आपण शाळेत शिकलो. माझे दादाजी म्हणायचे, गुराख्यांना काय लेणी माहीत नव्हती? पण त्यांनी खांबावर नावं लिहिली नाहीत.

त्यानंतर फर्दापूर-अजिंठ्याला वेगळेच पाहुणे येऊ लागले. एका रात्रीचे नाहीत, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे राहणारे.

१८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिलला (तेव्हा तो कॅप्टन होता) चित्रांच्या नकला करण्यासाठी पाठवलं. तो वर अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला. वीसेक वर्षं त्याने मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगले होते आणि १८६६ च्या आगीत थोडी सोडून सगळी चित्रं जळाली. पारो या गावच्या मुलीची आणि त्याची गोष्ट आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. १८५६ मध्ये ती गेली, तिचं थडगं अजिंठ्यात आहे. याच सोयगाव तालुक्यातल्या पळसखेडच्या ना. धों. महानोरांनी त्यावर काव्य लिहिलं, पुढे सिनेमाही निघाला. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे.

त्याच्यानंतर मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आले. १८७२ पासून १८८५ पर्यंत त्यांनी आपल्या हिंदुस्थानी विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यांमागून हिवाळे इथे काढले. त्यात पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे मोठे चित्रकार झाले. ती चित्रंही लंडनला गेली आणि त्यातलीही बरीचशी १८८५ मध्ये आगीतच गेली. नक्कल जपायला विलायतेला नेली ती दोनदा जळाली. मूळ चित्रं ऊन-पाऊस, वटवाघळं आणि कंदिलाचा धूर सोसून आमच्या डोंगरात राहिली.

मला सगळ्यात जवळची वाटते ती लेडी क्रिस्तियाना हेरिंगहॅम. वय पन्नाशीच्या पुढे. १९०९-१० आणि १९१०-११ असे दोन हिवाळे तिने इथे तंबू ठोकून काम केलं. तिच्याबरोबर कलकत्त्याहून आलेले नंदलाल बोस, असितकुमार हालदार, व्यंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त, आणि हैदराबादहून सय्यद अहमद व फजलुद्दीन. नंदलाल बोस तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे होते. पुढे त्यांनीच आपल्या संविधानाच्या मूळ प्रतीची पानं सजवली. विचार करा, एक विलायती बाई, बंगाली, कानडी, हैदराबादी मुलं, सगळ्यांचं खाणं वेगळं, पंक्ती वेगळ्या. रोज सकाळी लेण्यांत जायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. १९१५ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. पण लेडी हेरिंगहॅमचं मन परत गेल्यावर आजारी पडलं ते पडलंच. ती १९२९ मध्ये गेली, शेवटची वर्षं रुग्णालयांत. तिच्याबद्दल वाचलं तेव्हा वाटलं, हिला फर्दापूरला कोणी तरी वाटीभर गरम खिचडी आपुलकीने वाढली असेल ना?

१९१४ मध्ये निजाम सरकारने पुरातत्त्व खातं काढलं आणि गुलाम याजदानी त्याचे प्रमुख झाले. १९२० ते १९२२ या काळात इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्याच्या साथीदाराला बोलावून भिंतींवरची सुटत चाललेली चित्रं पक्की करून घेतली. याजदानींचे अजिंठ्यावरचे चार मोठे खंड १९३० पासून निघत गेले. आता जगभरातून पाहुणे येणार, त्यांची सोय हवी. तेव्हा फर्दापूरला सरकारी गेस्ट हाऊस झालं. गावात त्याला कोणी गेस्ट हाऊस म्हणत नसे, 'बंगला' म्हणत. जळगावला आगगाडीतून उतरून मोटारीने यायचं, नाहीतर पाचोरा-जामनेर छोट्या गाडीने पहूरला उतरायचं आणि तिथून टांगा, दमणी, मिळेल ते. निजामाच्या हद्दीत शिरल्यावर साहेबांचा पहिला मुक्काम आमच्या गावी!

आणि इथे आमचं घर गोष्टीत येतं. दादाजींचं फर्दापूरला किराण्याचं दुकान होतं. दुकान पुढे, मागे घर, त्याच्या मागे विहीर आणि दोन खोल्या. बंगल्याला लागणारा माल आमच्याकडून जायचा. घर रिकामं करताना माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या निघाल्या. दिवाळीला पूजा करून उघडायच्या त्या, विक्रम संवताच्या. अक्षर मुडिया, काना-मात्रा काही नाही. भावांना ते वाचता येत नाही. मी बी.कॉम. करत असताना सुट्टीत दादाजींनी मला मांडी घालून बसवून शिकवलं होतं, 'तुमच्या कॉलेजात जे शिकवतात ते यातूनच निघालंय' म्हणून. त्यामुळे रखडत रखडत मला वाचता येतं.

संवत २००३ च्या, म्हणजे १९४६-४७ च्या वहीत एक पान आहे, 'बंगला खाते'. घासलेट, साखर, मैदा, चहा, मेणबत्त्या, काडेपेट्या, साबण. रकमांचे दोन रकाने आहेत, एक हाली आणि एक कलदार. आताच्या मुलींना हे माहीत नसेल. निजामाचा स्वतःचा रुपया होता, हाली सिक्का. इंग्रजांचा तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. साहेब खानदेशातून कलदार घेऊन येणार, दादाजींनी माल आणायचा जळगावहून कलदारात, आणि बंगल्याचं सरकारी बिल मिळायचं हालीत. त्यात हद्द ओलांडून आलेल्या मालावर करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात. हे सगळं माणूस दौतीत बोरू बुडवून पाई-पाईचं जुळवत होता. मी ते पान दोनदा तपासलं. एक आणाही चुकलेला नाही.

वहीत अंडी नाहीत, कांदा-बटाटा नाही. ते दादाजी विकत नसत. बंगल्याचा खानसामा ते बाजारातून आणायचा. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. बंगल्यावर काय शिजतं ते दादाजींना माहीत होतं आणि आमच्या घरात काय चालत नाही ते चाचांना. त्याबद्दल दोघं कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

पण एक होतं. बंगल्यावर कोणी जैन, किंवा कोणी कट्टर शाकाहारी उतरलं की चाचांचा मुलगा पळत आमच्याकडे यायचा. "शेठजी, आपके चार लोग आए हैं, सूरज डूबने से पहले खाना है." पुष्कळदा सूर्य डोंगराला टेकलेला असायचा. मग दादीजी आणि बाई चुलीपाशी. पाणी गाळून उकळलेलं तयार असायचंच. मुगाची डाळ, पोळ्या, पापडाची भाजी, नाहीतर गट्टे. हिरवी भाजी असेल तर असेल. चौविहाराच्या आत पाहुण्यांची ताटं झाली पाहिजेत, आणि मग घरच्यांची. कितीतरी वेळा पाहुण्यांची ताटं झाली आणि सूर्य मावळला. दादीजी पाण्याचा घोटही न घेता उठायच्या. 'उद्या नवकारसीला घेईन' एवढंच म्हणायच्या.

हे सगळं चाललं निजामाच्या काळात, १७ सप्टेंबर १९४८ नंतरही, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हाही, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला तेव्हाही. हाली सिक्का गेला, बंगला सरकारी बांधकाम खात्याकडे आला, माणसं तीच. १९७५ मध्ये पर्यटन विकास महामंडळ झालं आणि पुढे त्यांचंही निवास फर्दापूरला आलं. १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत अजिंठा गेलं. त्याच वर्षी माझं लग्न झालं आणि मी फर्दापूर सोडलं.

आता काय आहे? फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी ठेवायची, तिथून धूर न करणाऱ्या बसने लेण्यांपर्यंत जायचं. चित्रांसाठी ते चांगलंच झालं. पण रस्ता इतका चांगला झाला की लोक सकाळी संभाजीनगरहून निघतात, लेणी बघतात आणि रात्री परत. मुक्काम कोणाला हवा आहे? सोमवारी लेणी बंद असतात हे माहीत नसलेला एखादा रविवारी रात्री येतो, तेवढाच. सरायीच्या भिंतीकडे तर कोणी मान वळवूनही पाहत नाही.

पण मैत्रिणींनो, एक वाटसरू अजून तसाच आहे. आपले साधू-साध्वी. त्यांना मोटार नाही, पायी विहार. दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर, फार तर वीस. जळगाव-संभाजीनगर रस्त्यावर त्यांचा मुक्काम अजूनही तिथेच पडतो जिथे मोगलांच्या काफिल्याचा पडायचा, घाटाखाली. रस्ते बदलले, पण माणसाचे पाय तेवढेच राहिले. आमच्या मागच्या दोन खोल्यांत मी लहानपणापासून साध्वीजी उतरताना पाहिल्या आहेत. पहाटे सूर्य उगवल्यावर त्या घाट चढायला लागायच्या आणि आम्ही मुलं पहिल्या वळणापर्यंत सोबत जायचो.

आता सहीबद्दल.

वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. बाईही चार वर्षांपूर्वी गेली. दोन भाऊ आणि मी. धाकटे असले तरी दोघांनी बाई-काकांची सेवा केली, हे मी कधीच नाकारणार नाही. मोठ्या भावाने कागद पुढे ठेवला. मला वाटलं विक्रीचा असेल. वाचला तर हक्कसोडपत्र. मी माझा हिस्सा विनामोबदला भावांना सोडून दिला आहे, असं.

"ताई, तसं आपल्यात सगळ्याच बहिणी करतात," तो म्हणाला. खरं आहे. माझ्या आत्यांनी केलं, मोठ्या नणंदेने केलं. तुमच्यापैकी कितीजणींनी केलं असेल ते मला माहीत आहे. मी वाणिज्य शाखेची पदवीधर, आयुष्यभर घरचे आयकराचे कागद मीच भरले. वारसाहक्काचा १९५६ चा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे, वडील मृत्युपत्राशिवाय गेले तर मुलीचा वाटा मुलाइतकाच. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानेच हक्क मिळाला तो २००५ मध्ये. मुलीचं लग्न कधी झालं, याने त्यात फरक पडत नाही. हे सगळं मला पाठ होतं, तरी पेन हातात घेतलं. भावाचं मन मोडायला नको, माहेरचं दार बंद व्हायला नको, हेच आपल्या मनात पहिल्यांदा येतं.

पेन हातात असताना समोर ती वही होती, उघडी, बंगला खात्याच्या पानावर. त्यात काडेपेटीचा हिशेब होता. दादीजींच्या पोळ्यांचा नव्हता. चाळीस वर्षं त्या बाईने आणि तिच्या सुनेने सूर्यास्ताआधी परक्यांची ताटं वाढली, ते कुठल्याच रकान्यात नाही. दान होतं, मान्य. दान वहीत लिहीत नाहीत, तेही मान्य. पण दादाजींनी देवळाला दिलेले सव्वा रुपये मात्र धर्मादाय खात्यात लिहिलेले आहेत!

आणि मला मनुचीची सराय आठवली. दार उघडण्याआधी ज्याने त्याने आपली वस्तू पाहून घ्यावी. एकाचं गहाळ असेल तर बाकीच्यांनी थांबावं.

मी पेन खाली ठेवलं आणि भावाला म्हटलं, "विक्रीच्या कागदावर मी सही करेन, तुझ्या आड येणार नाही. पण सोडपत्रावर नाही करणार. तीन हिस्से होतील."

त्या दुपारी जेवताना कोणी बोललं नाही. थोरल्या भाभीने पोळी वाढताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला घास गिळेना. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण हक्क मागितला की छान वाटतं असं कोणी तुम्हाला सांगेल तर ते खरं नाही. वाईट वाटतं. रात्री झोप लागली नाही. रागावून बोलले नसले तरी मनात जे आलं त्याचं प्रतिक्रमण केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा भाऊ विहिरीपाशी आला. म्हणाला, "ताई, तुला पैसे नकोयत, मला माहीत आहे. काय हवंय?" मी म्हटलं, पैसेही हवे आहेत, पण सगळे नाही. मागच्या दोन खोल्या आणि विहिरीचा कोपरा विक्रीतून वगळा. त्याची किंमत बाकीच्या जागेच्याच दराने लावा आणि माझ्या हिश्श्यातून वजा करा. उरलेली रक्कम मला द्या. मागच्या बाजूने गल्लीचा वेगळा रस्ता आहेच.

दोघांनी बसून आकडेमोड केली, मीही केली. घेणाराही तयार झाला, त्याला रस्त्याकडचीच जागा हवी होती. मोठा भाऊ अजून फोनवर कमी बोलतो, पण मोजणी करून नकाशा त्यानेच पाठवला. मी सही केली ती हा नकाशा जोडून झाल्यावर.

निघताना सरायीत जाऊन आले. कमानीत एक शेळी बांधलेली होती. चाचा कधीच गेले. त्यांचा मुलगा, जो सूर्य मावळताना पळत यायचा, आता म्हातारा आहे, काठी घेऊन कट्ट्यावर बसलेला होता. मला ओळखलं नाही. दादाजींचं नाव सांगितल्यावर म्हणाला, "खाना हो गया?" मी म्हटलं, हो गया.

तर मैत्रिणींनो, या लेखातून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, माहेरचा कोणताही कागद असो, वाचल्याशिवाय सही करू नका. वाचून, समजून हक्क सोडायचा असेल तर खुशाल सोडा, तो तुमचा त्याग. न वाचता सोडला तर तो त्याग नाही, ती चूक.

दुसरी, त्या दोन खोल्या आता माझ्या नावावर आहेत. पांढरा रंग, नवीन दार, पाणी उकळायची सोय एवढं दिवाळीनंतर करून घेणार आहे. पण मी राहते दूर. किल्ली कोणाकडे ठेवायची आणि साध्वीजींचा विहार कळला की गरम पाण्याचं कोणी बघायचं, हे ठरायचं आहे. पहूर, सोयगाव, अजिंठा, सिल्लोड या बाजूला तुमचं माहेर किंवा सासर असेल तर मला कळवा. पैसे नकोत, थोडा वेळ हवा आहे.

लिहिण्यात कोणाचं मन दुखावलं असेल, विशेषतः माझ्या दोन्ही भावांचं, तर मिच्छामि दुक्कडम्.